लघवीची घाई, सॉलिफेनासिन आणि डब्यातल्या बाकीच्या गोळ्या

प्रश्न : माझं वय ६३. देवगड तालुक्यात राहते. वर्षभर लघवीची फार घाई होते. दिवसा तेरा-चौदा वेळा जावं लागतं, रात्री तीनदा. परसातल्या संडासाची कडी काढेपर्यंत कपडे ओले होतात. डॉक्टरांनी लघवी तपासून सॉलिफेनासिन ५ मि.ग्रॅ.ची गोळी दिली, त्याला तीन आठवडे झाले. फरक आहे, पण थोडा. तोंडाला कोरड पडते, शौचाला दोन-दोन तीन-तीन दिवस होत नाही. बी.पी.साठी टेल्मिसार्टन-क्लोरथॅलिडोनची एकत्र गोळी रात्री जेवल्यावर घेते. जांघेत नायटा झालाय, त्यावर दुसऱ्या डॉक्टरांनी इट्राकोनॅझोल दिलंय. सर्दी झाली की मेडिकलमधून गोळी आणते. सध्या आंब्याच्या पॅकिंगला जाते, तिथे सोय नाही म्हणून पाणी निम्म्यावर आणलंय. पुढच्या आठवड्यात पुतण्याचं लग्न कणकवलीला आहे. त्या दिवशी दोन गोळ्या घेतल्या तर चालेल का? जाऊबाई मिराबेग्रॉन घेतात, त्यांना कोरड पडत नाही. त्यांची गोळी घेऊन बघू का?

उत्तर : ताई, आधी लग्नाच्या दिवसाचं. दोन गोळ्या घेऊ नका. हे आम्ही कुणालाही सांगितलं असतं, पण तुम्हाला जास्त ठासून सांगतो, कारण नायट्याची गोळी सोबत चालू आहे. सॉलिफेनासिन शरीरातून काढून टाकायचं काम यकृतातलं एक विकर (एन्झाइम) करतं, आणि इट्राकोनॅझोल नेमकं तेच विकर अडवतं. त्यामुळे तुम्ही ५ मि.ग्रॅ. घेतलं तरी रक्तात ते दुप्पट किंवा त्याहून जास्त घेतल्यासारखं साचतं. म्हणूनच या औषधाच्या माहितीपत्रकात मर्यादा घालून दिलेली आहे : इट्राकोनॅझोल, किटोकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन यांसारखं काही चालू असेल तर दिवसाला ५ मि.ग्रॅ.च्या वर जायचं नाही. किडनीचं काम फार कमी झालेलं असेल तर ही जोडी टाळायचीच. तुम्ही त्या मर्यादेवर आत्ताच आहात. दोन गोळ्या घेतल्या तर फक्त कोरड वाढून भागणार नाही. लघवी पूर्ण अडू शकते, हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते.

तेव्हा हे वाचून झालं की दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या बाहेर काढा आणि तारखा बघा. कोरड आणि शौचाचा त्रास इट्राकोनॅझोल सुरू झाल्यावर वाढला का? आम्हाला तशी दाट शंका आहे. सॉलिफेनासिन देणाऱ्या डॉक्टरांना फोन करून एवढंच सांगा : "नायट्यासाठी इट्राकोनॅझोल चालू आहे, अमुक तारखेपासून, दिवसाला इतकं." नायट्याच्या डॉक्टरांनाही सॉलिफेनासिनचं नाव सांगा. दोघांपैकी कुणाची गोळी आधी, कुणाची नंतर, की नायट्याला दुसरं औषध, हे त्यांनी ठरवायचं. तुम्ही मनाने एकही बंद करू नका. नायट्याचा कोर्स लग्नाआधी संपला तरी जोडी लगेच सुटत नाही. इट्राकोनॅझोल बंद केल्यावर रक्तातून जवळजवळ नाहीसं व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. आणि या दिवसांत पायांवर सूज आली, चालताना धाप लागायला लागली, तर तेही लपवू नका. हृदय अशक्त असणाऱ्यांना इट्राकोनॅझोल देत नाहीत.

एखाद्या दिवसापुरती जादा गोळी घेऊन उपयोग का होत नाही, तेही समजून घ्या. डोकेदुखीच्या गोळीसारखं हे तासाभरात काम करणारं औषध नाही. सॉलिफेनासिनचा अर्धा भाग शरीराबाहेर जायला साधारण दोन ते तीन दिवस लागतात, आणि रोज एक घेत गेलं की रक्तातली पातळी स्थिर व्हायला दहा दिवसांच्या आसपास. इट्राकोनॅझोलमुळे हा सगळा काळ तुमच्या बाबतीत आणखी लांबतो. म्हणजे लग्नाच्या सकाळी घेतलेली जादा गोळी वऱ्हाड परतल्यावरही अंगात राहणार. याच कारणाने "प्रवास असेल तेव्हाच घ्यायची" ही पद्धतही इथे चालत नाही. रोज एक, ठरलेल्या वेळी. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी नेहमीची एकच घ्यायची, राहिलेली भरून काढायची नाही. जेवणाआधी की नंतर, याने या गोळीला फरक पडत नाही. पाण्याबरोबर अख्खी गिळायची.

लग्नाला जाताना मदत करतील त्या गोष्टी वेगळ्या आहेत. सकाळचा चहा अर्धा कप, दुसरा नको. निघण्याआधी एकदा जाऊन या आणि पाच मिनिटांनी पुन्हा बसा, मागे राहिलेली लघवी निघून जाते. लघवीसाठीचे पॅड मेडिकलमध्ये वेगळे मिळतात, तेच घ्या. पाळीचे पॅड लघवी तितक्या लवकर शोषून घेत नाहीत, बाजूने पाझरतात. पॅड ओला झाला की लगेच बदला, कारण जांघेत ओल राहिली की नायटा चिघळतो. एस.टी.त दाराजवळची जागा मागून घ्या आणि हॉलवर पोचल्याबरोबर संडास कुठे आहे ते पाहून ठेवा. जागा माहीत असली की घाई निम्मी ओसरते, असा अनुभव पुष्कळजणी सांगतात.

पाण्याबद्दल मात्र आम्हाला तुमची खरोखर काळजी वाटते. पाणी तोडल्याने मूत्राशय शांत होत नाही. लघवी घट्ट, गडद होते, आतल्या अस्तराला झोंबते आणि थोडीशी साचली तरी कळ येते. जंतुसंसर्ग लवकर होतो, आणि संसर्ग झाला की घाई आणखी वाढते. शौच आणखी घट्ट होतं. त्यात तुम्ही वैशाखाच्या दमट उन्हाळ्यात पॅकिंगला बसता आणि गोळी सॉलिफेनासिनची घेता, जी घामही कमी करते. घाम आटला की अंगातली उष्णता बाहेर जायचा मुख्य रस्ता बंद होतो. या औषधांवर असलेल्या माणसाला ऊन बाधण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तुमच्या बी.पी.च्या गोळीतलं क्लोरथॅलिडोन तर लघवीवाटे पाणी आणि सोडियम दोन्ही बाहेर घालवतं. पाणी कमी, घाम कमी, सोडियम कमी, अशा अवस्थेत साठीपुढच्या बायका चक्कर येऊन पडतात किंवा असंबद्ध बोलायला लागतात, आणि घरचे समजतात ऊन लागलं. डॉक्टरांकडे जाल तेव्हा रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्यायचं आहे का, ते विचारा.

हृदयाच्या किंवा किडनीच्या डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातलेली नसेल तर दिवसाला दीड ते दोन लिटर ठेवा, घामाच्या दिवशी त्याहून थोडं जास्त. एकदम तांब्याभर पिऊ नका. तासा-दीड तासाने अर्धा पेला. बहुतेक पाणी संध्याकाळी सहाच्या आत संपवा, झोपण्याआधीच्या दोन-तीन तासांत फक्त घोट घोट. लघवीचा रंग फिकट पिवळा राहायला हवा. गडद झाली म्हणजे पाणी कमी पडतंय. चहा-कॉफीतल्या कॅफिनने मूत्राशय चाळवतो, तेव्हा दिवसाला दोन कपांवर थांबा. कोकम सरबत, सोलकढी, कैरीचं पन्हं याने काहींना घाई वाढते, काहींना काहीच होत नाही. आठवडाभर बंद ठेवून बघा, फरक पडला नाही तर खुशाल प्या. फक्त सरबत-पन्ह्यातली साखर आणि मीठ मोजा.

आता गोळी आत काय करते ते. मूत्राशय भरत असताना त्याचा स्नायू सैल राहायला हवा. तुमचा स्नायू भरायच्या आधीच आवळतो, म्हणून शंभर मि.लि. साचलं तरी धावावं लागतं. सॉलिफेनासिन त्या स्नायूला आवळण्याचा संदेश पोचू देत नाही. टॉल्टेरोडिन, ऑक्सिब्युटिनिन, डॅरिफेनासिन, ट्रॉस्पियम ही त्याच घरातली. अडचण अशी की हाच संदेश लाळेच्या ग्रंथींना, आतड्यांना, घामाला, डोळ्याच्या बाहुलीला आणि मेंदूलाही लागतो. गोळी तिथेही थोडा अडसर घालते. म्हणून कोरड, बद्धकोष्ठ, जवळचं अंधुक दिसणं, आणि म्हाताऱ्या माणसांत कधीकधी गोंधळल्यासारखं होणं. महाशिवरात्रीला आपण वाहतो त्या धोतऱ्यातही याच जातीची द्रव्यं असतात. धोतरा पोटात गेलेल्या माणसाचं तोंड सुकतं, अंग तापतं, बाहुल्या मोठ्या होतात, तो बरळतो, ते याच कारणाने. दम्यावर धोतऱ्याची पानं ओढण्याचा जुना उपाय घरात कुणी सुचवला तर या औषधासोबत तो अजिबात करू नका.

आणि इथेच डब्यातल्या बाकीच्या गोळ्या येतात. लाळ आटवणारी, आतडं मंद करणारी औषधं आपण नकळत एकावर एक रचत जातो. सर्दीच्या बहुतेक तयार गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं. खाजेसाठी हायड्रॉक्झिझिन किंवा फेनिरामिन, पोटात कळ आली की डायसायक्लोमिन, गाडी लागू नये म्हणून प्रोमेथाझिन, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी अ‍ॅमिट्रिप्टिलिन. सगळ्यांचा हाच अडसर, थोडा कमी नाहीतर थोडा जास्त. एकेकटी चालून जाते, तीन एकत्र आल्या की लघवी अडते किंवा आजी रात्री उठून "मी कुठे आहे" विचारतात. अशी औषधं वर्षानुवर्षं मोठ्या प्रमाणात घेणाऱ्यांमध्ये पुढे स्मृतिभ्रंश अधिक आढळल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे. औषधामुळेच तो होतो हे सिद्ध झालेलं नाही, पण साठीनंतर हा बोजा कमीत कमी ठेवावा, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

तुमच्या सर्दीच्या गोळीत आणखी एक गोष्ट असण्याची शक्यता आहे, फिनाइलएफ्रिन. ते नाक मोकळं व्हावं म्हणून घालतात, पण ते बी.पी. वाढवतं आणि मूत्राशयाचं तोंड आवळतं. म्हणजे एक गोळी मूत्राशयाला आवळू देत नाही आणि दुसरी दार बंद करते. सर्दी झाली तर वाफ, मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब, ताप-अंगदुखीला साधं पॅरासिटामॉल. याहून जास्त लागलं तर मेडिकलमध्ये नुसती "सर्दीची गोळी द्या" म्हणू नका. "मी सॉलिफेनासिन घेते, बी.पी. आहे" हे आधी सांगा. हे वाक्य कागदावर लिहून पर्समध्ये ठेवलंत तरी चालेल. कधी मुलगा आणायला जातो, कधी नातू, त्यांना कुठे आठवणार.

बी.पी.ची गोळी तुम्ही रात्री घेता. क्लोरथॅलिडोन लघवी वाढवणारं औषध आहे. त्याचा असर दिवसभराहून जास्त राहतो खरा, तरी ते सकाळी घेण्याची पद्धत आहे, आणि रात्री तीनदा उठणाऱ्या बाईला तर नक्कीच. ही वेळ सकाळवर आणायची की औषधच बदलायचं, हे बी.पी.च्या डॉक्टरांना विचारा. वेळ बदलायची ठरली तर पहिल्या दिवशी रात्रीची आणि सकाळची अशा दोन होऊ नयेत, म्हणून नेमकं कसं बदलायचं ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या. काहींना अ‍ॅम्लोडिपिन या बी.पी.च्या गोळीने पायांवर सूज येते, आणि आडवं झाल्यावर ते पाणी रात्री लघवीवाटे उतरतं. मधुमेहाच्या डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीतून बाहेर काढतात, म्हणून लघवीही वाढवतात. असं असेल तर मूत्राशयाची गोळी कितीही चांगली असली तरी फेऱ्या थांबत नाहीत.

मधुमेहाचा विषय निघालाच आहे तर, ताई, तुमची साखर कधी तपासली? जांघेतला नायटा, वारंवार लघवी आणि वय ६३, हे तिन्ही एकत्र दिसलं की आम्हाला पहिली आठवण साखरेची होते. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) एवढं करून घ्या. तालुक्याच्या गावी कुठल्याही लॅबमध्ये होतं.

जाऊबाईंच्या गोळीबद्दल. मिराबेग्रॉन वेगळ्या वाटेने त्याच स्नायूला सैल करतं, म्हणून कोरड आणि बद्धकोष्ठ त्याने खूपच कमी होतं. तुमच्यासाठी ते खरोखर बरं ठरू शकतं, आणि डॉक्टरांना "मला हे चालेल का" असं जरूर विचारा. पण जाऊबाईंच्या पाकिटातून काढून नाही. मिराबेग्रॉनने बी.पी. वाढू शकतं. वरचं १८० किंवा खालचं ११० च्या घरात असेल तर ते देतच नाहीत, आणि बाकीच्यांना सुरू केल्यावर बी.पी. मोजत राहावं लागतं. सुरुवात सहसा २५ मि.ग्रॅ.ने होते आणि किडनी-यकृत पाहून ५० वर नेतात. मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांच्या रक्तात त्याची पातळी वाढते, डिगॉक्सिन घेणाऱ्यांना तर विशेष जपावं लागतं. इट्राकोनॅझोल मिराबेग्रॉनचीही पातळी वाढवतं, तेव्हा तो प्रश्न इथेही सुटत नाही. शिवाय ही गोळी हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. अर्धी मोडली, कुटली, चावली तर दिवसभराचं औषध एकदम सुटतं. जाऊबाईंना ५० ची असेल म्हणून अर्धी करून घेते, असं मनात असेल तर ते इथेच सोडा. बाजारात सॉलिफेनासिन आणि मिराबेग्रॉन एकत्र असलेल्या गोळ्याही आहेत. पाकिटावर कंपनीचं नाव मोठं आणि औषधाचं नाव बारीक असतं. ते बारीक नाव वाचल्याशिवाय नवी गोळी तोंडात टाकू नका, नाहीतर एकच औषध दोन नावांनी घेतलं जातं.

तुमची लघवी तपासली हे चांगलं झालं. संसर्ग किंवा रक्त असेल तर आधी त्याचं बघावं लागतं. पण दोन गोष्टी पत्रात दिसत नाहीत. एक, सोनोग्राफीत लघवी झाल्यावर मूत्राशयात किती उरते. दोनशे मि.लि.च्या पुढे उरत असेल तर बहुतेक डॉक्टर ही गोळी थांबवून आधी कारण शोधतात, कारण अर्धवट रिकाम्या होणाऱ्या मूत्राशयाला आणखी सैल केलं की तुंबतो. तपासणीला जाताना पाणी बेताने प्या. बाहेर बाकावर तासभर तुडुंब रोखून धरलं तर नंतर नीट रिकामं होत नाही आणि आकडा खोटाच मोठा येतो. दोन, डोळे. काचबिंदू आहे का, आणि असला तर बंद कोनाचा की उघड्या कोनाचा. बंद कोनाच्या काचबिंदूत या गोळीने डोळ्यातला दाब अचानक चढू शकतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर त्याने काही अडत नाही.

आणि तीन दिवसांची एक वही करा. यासारखं स्वस्त आणि उपयोगी साधन दुसरं नाही. ५०० मि.लि.च्या खुणा असलेला प्लॅस्टिकचा मापी मग आणा, तो या कामालाच ठेवा. प्रत्येक वेळी लघवी त्यात करून मोजा आणि लिहा : वेळ, किती झाली, किती घाई होती, कपडे ओले झाले का. समोरच्या पानावर काय आणि किती प्यायलात. तीन दिवस सलग नसले तरी चालतील, पण एक दिवस पॅकिंगचा आणि एक घरचा असू द्या. प्रत्येक वेळी पन्नास-शंभर मि.लि.च असेल तर दोष मूत्राशयाचा, तुमची गोळी योग्य दिशेला आहे. प्रत्येक वेळी तीन-चारशे आणि दिवसाची बेरीज तीन लिटरपर्यंत जात असेल तर मूत्राशय बिचारा ठीक आहे, लघवीच जास्त तयार होतेय, साखर नाहीतर पाणी नाहीतर औषध तपासा. चोवीस तासांतली तिसऱ्या हिश्शाहून जास्त लघवी रात्री होत असेल (सकाळी उठल्यावरची पहिली रात्रीत धरा), तर पायांची सूज, हृदय, झोपेत घोरून श्वास अडकणं यांचा विचार करावा लागतो. त्यावर सॉलिफेनासिनचा फारसा उपयोग नसतो. पायांवर सूज असेल तर दुपारी चारच्या सुमारास तासभर पाय उंच ठेवून पडा, ते पाणी झोपण्याआधी निघून जातं. रात्रीची लघवी कमी करणारी डेस्मोप्रेसिन नावाची गोळी कुणी सुचवली, तर क्लोरथॅलिडोन चालू आहे हे आधी सांगा. दोन्ही मिळून सोडियम धोकादायक पातळीला उतरू शकतं.

शौचाचा त्रास दुय्यम समजू नका. गच्च भरलेलं आतडं मूत्राशयाला मागून दाबतं, म्हणजे गोळीने कमावलेलं बद्धकोष्ठाने घालवलं. नाचणीची भाकरी, पालेभाज्या, पिकलेली पपई, केळं, कुळथाची पिठी, हे रोजच्या जेवणात वाढवा. नुसता भात आणि मासळीचं कालवण यात चोथा नसतो. संध्याकाळी लवकर एक-दोन चमचे इसबगोल घेऊ शकता, पण पूर्ण पेलाभर पाण्याबरोबरच. कमी पाण्यात तो आत फुगून उलट अडकतो, आणि लवकर घेतलात तर रात्रीच्या पाण्याचाही प्रश्न येत नाही. चार दिवस उलटूनही झालं नाही, पोट फुगलं, उलटी झाली तर घरगुती उपाय थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. कोरडीसाठी पाण्याचे छोटे घोट, बिनसाखरेची चघळगोळी. आमसूल तोंडात धरलं की लाळ सुटते खरी, पण त्याला बहुधा मीठ असतं आणि आंबटाने दात झिजतात. लिमलेटच्या गोळ्या तर नकोच, लाळ नसलेल्या तोंडात दात फार झपाट्याने किडतात.

गोळीने दिवसाच्या फेऱ्या सरासरी दोन-तीनने कमी होतात. बाकीचं काम मूत्राशयाला सवय लावून करावं लागतं, आणि गोळी चालू असताना ती सवय लवकर लागते. वहीत दोन फेऱ्यांमधलं सगळ्यात नेहमीचं अंतर बघा. समजा एक तास आहे. पहिला आठवडा दर तासाने जा, घाई असो नसो. पुढच्या आठवड्यात सव्वा तास, मग दीड. असं पंधरा-पंधरा मिनिटांनी तीन तासांपर्यंत न्या. निदान आठ आठवडे लागतात. मध्येच कळ आली तर धावू नका. धावताना पोटाचा दाब वाढतो आणि तिथेच निसटतं. जिथे असाल तिथे उभ्या राहा किंवा खुर्चीच्या कडेवर बसा, लघवी रोखताना जे आवळतो ते पाच-सहा वेळा झटपट आवळा-सोडा, शंभरपासून उलटे आकडे मोजा. कळ लाटेसारखी चढते आणि मिनिटाभरात उतरते. उतरल्यावर सावकाश चालत जा. याच स्नायूंचा व्यायाम दिवसातून तीनदा, दर वेळी आठदा आवळून धरणं, असा तीन महिने करा. मात्र लघवी करताना मध्येच धार तोडून हा व्यायाम करू नका, त्याने लघवी मागे राहते. नळ सोडला, मासे धुवायला गार पाण्यात हात घातला, दाराची कडी वाजली की कळ येते ना? ती मेंदूला लागलेली खूण आहे. त्या कामांच्या आधी जाऊन येण्याऐवजी ती कामं करतानाच आवळून बघा, खूण हळूहळू पुसते. पाळी गेल्यानंतर योनीमार्ग कोरडा पडल्यानेही घाई वाढते. त्यासाठी लावायचं इस्ट्रोजेनचं मलम असतं. स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झालेला नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना त्याबद्दल विचारा.

संडास परसात आहे, म्हणून रात्रीचं वेगळं सांगतो. झोपेतून धडपडत उठून, नजर जरा अंधुक, ओल्या चिऱ्याच्या पायऱ्या, आणि आपल्याकडे फुरसं काही दुर्मीळ नाही. पावसाळा सुरू व्हायच्या आत खाटेजवळ कमोडची खुर्ची किंवा झाकणाची बादली ठेवा. यात लाजण्यासारखं काही नाही, पायाचं हाड मोडलं तर सहा महिने जातात. बॅटरी उशाशी, आणि उठल्यावर मिनिटभर खाटेवर बसून मग उभ्या राहा.

पुढचं काही झालं तर फोनची वाट न बघता दवाखाना गाठा. सहा-आठ तास लघवीच झाली नाही आणि ओटीपोट दुखतंय. डोळा लाल होऊन ठणकतोय, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतायत. ओठ, जीभ, चेहरा सुजला. असंबद्ध बोलणं, अंग तापलेलं आणि घाम नाही. चक्कर येऊन शुद्ध हरपली, छातीत ठोके अडखळले. थंडी वाजून ताप, लघवीत रक्त. कंबरेपासून पायात मुंग्या-अशक्तपणा आणि बसण्याच्या जागी बधिरपणा असेल तर तो मणक्याचा प्रश्न आहे, त्याच दिवशी रत्नागिरी, ओरोस, कोल्हापूर नाहीतर गोवा, जिथे जवळ पडेल तिथे मोठ्या रुग्णालयात जायला हवं. गोळीचं पाकीट सोबत न्या.

गोळ्या पत्तीतच राहू द्या. डबीत सुट्या काढून ठेवल्या की पावसाळ्याच्या ओलीने नरमतात, आणि कुठली कुठली हेही कळत नाही. चुलीजवळ किंवा न्हाणीघरात नकोत. पत्ती कापायची झाली तर मुदतीची तारीख असलेली बाजू शेवटपर्यंत ठेवा. जुन्या चिठ्ठीवर मेडिकलवाले पुन्हा पुन्हा देतात म्हणून वर्षभर घेत राहू नका. कुठल्याही औषधाचा दुष्परिणाम झाला असं वाटलं तर भारतीय औषधसतर्कता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा विनाशुल्क क्रमांक आहे, त्यावर रुग्णालाही कळवता येतं.

तुमचे तीन आठवडे झालेत, चौथ्या आठवड्यात डॉक्टरांची भेट घ्या. पूर्ण परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे लागू शकतात, तेव्हा "थोडा फरक" याचा अर्थ औषध फसलं असा नाही. वही, मापं, चार दिवसांची बी.पी.ची नोंद आणि घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या, गोखरूचा किंवा पुनर्नव्याचा काढा घेत असाल तर तोही, कारण ते लघवी वाढावी म्हणूनच देतात. कोरड सहन होत नसेल तर औषध बदलता येतं. दोन प्रकारची औषधं करूनही भागलं नाही तर मूत्राशयात बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन किंवा पायाच्या घोट्याजवळच्या नसेला सौम्य विद्युत उत्तेजना देणं हे उपाय मूत्ररोगतज्ज्ञांकडे असतात. गोळी मानवली तरी वर्षातून एकदा, आणि पंचाहत्तरीनंतर सहा महिन्यांनी, ती अजून लागते का ते विचारा. बंद करून बघायचं ठरलं तर बंद करण्याआधी तीन दिवस आणि नंतर दोन आठवड्यांनी तीन दिवस तीच वही पुन्हा भरा. दोन्ही पानं शेजारी ठेवली की पुन्हा सुरू करायची की नाही, हे डॉक्टरांना आकड्यांवरून सांगता येईल.